शंभराला दोन कमी

मार्करसारखं सुरेख चुकणं मी जन्मात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. बिलियर्डच्या टेबलावर नेम चुकणारे पुष्कळ असतात, मी स्वतः त्यांतलाच. आम्ही चुकायचो तेव्हा बॉल भलत्याच कुशनवर आपटून टेबलभर भटकायचा आणि बघणाऱ्यांची करमणूक व्हायची. मार्करचा बॉल मात्र पॉकेटच्या अगदी तोंडाशी जायचा, कडेला जरासा घासायचा आणि तिथेच थांबायचा. मग तो जीभ चावून म्हणायचा, "हुकला, सायेब." समोरचा मेंबर खूश होऊन हातातल्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला खडू घासत पुढे सरसावायचा.

पन्नास सालानंतर मी पनवेलला वकिली सुरू केली. पक्षकार फारसे नव्हते, त्यामुळे कोर्ट सुटलं की मी जिमखान्यात. तिथलं टेबल कुणा गोऱ्या साहेबानं आणवलेलं होतं आणि ते सांभाळायला, गुण मांडायला, जोडीदार नसलेल्या मेंबराशी खेळायला हा एक माणूस. नाव जोमा, गाव रोडपाली, पण सगळे त्याला मार्करच म्हणत. पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. मी पहिल्या दिवशी त्याला 'तुम्ही' म्हणालो, तर तो इकडेतिकडे बघून कुजबुजला, "मला आवो-जावो नका करू. सेक्रेटरीसायेब आयकतील." मी ऐकलं नाही, फक्त आवाज खाली आणला.

खाडीची खारी हवा टेबलाच्या हिरव्या कापडाला सोसत नाही, म्हणून त्या खोलीच्या खिडक्या बारा महिने बंद. सकाळी येऊन मार्कर कापडावर ब्रश फिरवी, मग एकाच दिशेनं इस्त्री. शेवटचा मेंबर जाईपर्यंत तो आत. बावीस वर्षं तो त्या खोलीत होता, आणि त्याआधीचं सगळं आयुष्य भावांबरोबर मिठागरावर गेलेलं. "थितं डोक्यावर छप्पर नवतं, हितं खिडकी नाय," तो एकदा म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, पत्ता सांगावा तसा.

शिकवायचा मात्र असा की कॉलेजातल्या प्राध्यापकांनी येऊन बसावं. पहिले पंधरा दिवस त्यानं मला बॉलला हात लावू दिला नाही. सोड्याची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्या तोंडातून क्यू आतबाहेर करायला लावला, काचेला न लागता. खट् आवाज झाला की म्हणायचा, "कोपर हलला. कोपराच्या वर काय हलायचं नाय. खालचा हात फकस्त झोका घेईल." मी क्यू घट्ट धरला की त्याला मिठागर आठवायचं. "मीठ वढताना फावडं आवलून धरलं का खालचा चिखल वर येतो. सैल धरा. क्यू पलून जात नाय."

नेमाबद्दल त्याचं एकच सांगणं होतं. "ज्याला मारायचाय त्याच्याकडं बगू नका. ज्याला लागायचाय त्याच्याकडं बगा." लाल बॉलच्या कडेवर नजर रोखायची, आपल्या पांढऱ्याचा मध्य त्या कडेवर सोडायचा, म्हणजे पांढरा लालला बरोबर अर्धा लागतो आणि आपण होऊन पॉकेटात जातो. याचे तीन गुण. 'अर्धा बॉल' हा त्याचा जीव की प्राण. डोळ्याला फडकं बांधून तो हा फटका मारी, आणि दहाच्या दहा आत.

आणि हाच फटका तो संध्याकाळी मेंबरांशी खेळताना चुकायचा. डाव शंभर गुणांचा, आणि गुण नव्वदीत गेले की नेमका हाच. मला ते कळायला वर्ष लागलं, यावरून माझ्या वकिलीची कल्पना यावी. एके दिवशी मी टेबलाऐवजी त्याच्या कोपराकडे बघत बसलो. शेवटच्या क्षणी तो बोटभर वर उचलला गेला. मेंबर गेल्यावर मी त्याला गाठलं. "तुम्ही मुद्दाम हरता."

"मंग काय जिंकू?" तो हसला. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एका बड्या अधिकाऱ्याला हरवलं होतं, आणि सेक्रेटरींनी त्याला आठ दिवस घरी बसवलं होतं. परत घेतलं ते एकाच अटीवर: मेंबरला हरवायचं नाही, आणि मुद्दाम हरतोय हे कळूही द्यायचं नाही. "चुकायला जास्त नेम लागतो, वकीलसायेब," तो म्हणाला.

मी तावातावानं सांगितलं, माझ्याशी खरं खेळायचं. दुसऱ्या दिवशी तो खेळला. शंभर विरुद्ध चौदा. मी हसून वाहवा केली, पण चेहरा पडायचा तो पडलाच असणार, कारण तिसऱ्या दिवशी मी सहा गुणांनी जिंकलो. शीळ घालत घरी गेलो. त्यानंतर कित्येक महिने मी त्याच्याशी खेळत राहिलो आणि जिंकत राहिलो, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग मुंबईचे एक पाहुणे आले. तिथल्या एका मोठ्या क्लबाच्या कमिटीवरचे, खेळातले दर्दी. त्यांनी मार्करला मला शिकवताना पाहिलं आणि विचारलं, आमच्या क्लबात मेंबरांच्या मुलांना शिकवायला येशील का? राहायला खोली मिळेल. फक्त पुढच्या रविवारी एक डाव माझ्याशी खेळ, आणि खरा खेळ. माझी भीड नको, हे त्यांनी दोनदा बजावलं.

तो आठवडा मार्कर चालत नव्हता, तरंगत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "थितं शिकवायचं असतं. हरायचं नसतं." पुन्हा थोड्या वेळानं आला आणि तेच म्हणाला. भावांच्या मिठागरावर परत जायला त्याच्या गुडघ्यांत जोर उरला नव्हता. त्या खोलीतून बाहेर पडायला दार होतं ते एवढंच, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

रविवारी दुपारी खेळ सुरू झाला. गुण मांडायला मी. मार्कर काय खेळला म्हणून सांगू! क्यू नुसता श्वास घेतल्यासारखा मागेपुढे होत होता. पाहुणेही पक्के, पण हा अठ्ठ्याण्णववर आणि ते एक्क्याऐंशीवर. पांढरा हातानं हवा तसा मांडायचा, लाल मधोमध, समोर तोच अर्धा बॉल. मी तर त्याच्या नावापुढे शंभर मांडायला हात उचललासुद्धा.

त्याचा कोपर वर गेला. बॉल पॉकेटच्या कडेला घासून थांबला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जीभ चावत नव्हता. चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो स्वतःच्या हाताकडे परक्याचा असावा तसा बघत होता. पाहुण्यांनी नऊ गुण केले नि चुकले. पुन्हा मार्करची पाळी, पुन्हा जवळजवळ तसाच फटका. या वेळी त्यानं तीनदा अंदाज घेतला, कपाळावर घाम आला. कोपर पुन्हा बोटभर उचलला गेला. पाहुण्यांनी डाव संपवला.

मी वकील. बाजू पडतेय असं दिसलं की तोंड आपोआप उघडतं. पाहुणे मोटारीकडे निघाले तसा मी मागोमाग गेलो. याला खेळायचं जमत नाही असा त्यांचा समज व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. म्हणालो, "साहेब, तो मुद्दाम चुकला. तुम्ही पाहुणे, तुम्हाला कसं हरवायचं म्हणून."

ते थांबले. "मुद्दाम? दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा," मी छातीठोकपणे सांगितलं.

"मग राहू द्या त्याला इथेच," ते म्हणाले. "खरोखर चुकला असता तर उद्याच नेला असता. हात कुणाचाही कापतो. पण इतकं बजावूनही जो मला खूश करायला हरतो, तो आमच्या पोरांना काय शिकवणार?"

आता खरं सांगायचं तर आधी मी खोटं बोललो हे सांगावं लागणार होतं. मी तोंड मिटलं आणि मोटार निघून गेली.

आत मार्कर बाकावर बसला होता. त्याला त्या खोलीत बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. "वकीलसायेब, आईची आन, आज मी मुद्दाम नाय चुकलो," तो म्हणाला. "हातच उठला. वीस-बावीस वर्सं त्याला हेच शिकवलं ना." मग विचारलं, "पावने काय बोलले?"

"खेळ आवडला म्हणाले. पण जागा भरली आहे."

त्यानं मान डोलावली, उठला, आणि टेबलावर ब्रश फिरवायला लागला. संध्याकाळी सेक्रेटरी आले. तो त्यांच्याशी सात गुणांनी हरला.

चार-पाच वर्षांनी मी ठाण्याच्या कोर्टात जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मार्कर तासाभराची रजा काढून एस.टी. स्टँडवर आला. हातात भावांच्या मिठागरावरच्या जाड्या मिठाची पिशवी. मी गाडीत बसलो होतो; ती खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवून तो बाहेर उभा राहिला.

"येक सांगायचं राहिलं व्हतं," तो म्हणाला. "त्या दिशी तुमी माझ्यासाठी पावण्यांच्या मोटारीपर्यंत धावलात. मी दारातून बगितलं. काय बोललात ते आयकू नाय आलं. पन माझ्यासाठी आजवर कोनी तोंड उगडलं नवतं."

गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. तेवढ्यात सगळं सांगून झालं असतं. मी त्याला, यंदा मीठ कसं पिकलं, ते विचारत बसलो.