भांडणाचं इंग्रजी

दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत एक मावशी माझ्या शेजारी खिडकीपाशी बसल्या होत्या. फोनवर केरळच्या सुनेला इंग्रजीत रागवत होत्या. "फिव्हर, अँड यू वॉशिंग क्लोथ्स? स्लीप! आय कम, आय बीट!" पलीकडून हसू ऐकू येत होतं. बोलताना मावशींचा हात असा उडायचा, की पुढच्या सीटवरचे काका मान वाकवून बसले.

त्या दिवशी कॉलेजात माझा इंग्रजीतला पहिला सेमिनार होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. सगळं पाठ केलं होतं, तरी मी पुन्हा पुन्हा वही उघडून बघत होते. मी विचारलं, "मावशी, इंग्रजी कुठं शिकलात?"

"सुनेजवळच! ती काही बोलली का मी 'व्हय' म्हनो. तिले इंग्रजीतलं 'व्हाय' ऐकू ये. तिले वाटे, बुढी कारण इचारून राह्यली. बिचारी पुन्हा पुन्हा समजावून सांगे!"

त्या पोटभर हसल्या. माझं सेमिनारचं ऐकून म्हणाल्या, "तू कायले भेऊन राह्यली? भांडता आलं का भाषा आली समज. चाल, ह्या खिडकीसाठी भांड माह्यासंग."

मी चाचरत म्हणाले, "दिस इज... माय विंडो."

"नो! माय!"

"आय केम फर्स्ट!" माझा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला. मावशींनी खूश होऊन खरंच खिडकी सोडली. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

सेमिनारमध्ये एक शब्द चुकला आणि वर्ग हसला. मलाही हसू आलं. मग मी म्हणाले, "वेट, आय अ‍ॅम नॉट फिनिश्ड."

हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं.