भांडण राहू द्या

नणंदेच्या स्कूटरचा फोटो मी फोनवर पाहिला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फोटोत तसं वाईट काहीच नव्हतं. आमच्या बिल्डिंगखाली नेहमीच्या जागी उभी असलेली राखाडी स्कूटर, आरशाला अडकवलेलं हेल्मेट, नंबर स्पष्ट दिसत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मॅडम, गाडी छान आहे. ब्रेक तपासून घेत जा.’

मी ताट बाजूला सारून खिडकीशी गेले. स्कूटर खालीच होती. आत माझी नणंद आंघोळ करून क्लिनिकला निघायच्या गडबडीत होती. तिला सांगावं की आधी नवऱ्याला सांगावं, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात तीच बाहेर आली. तिच्याही हातात फोन होता.

“वहिनी, हा फोटो गेटच्या आतून काढलाय,” ती म्हणाली.

माझी नणंद फिजिओथेरपिस्ट आहे. खारघरला एका क्लिनिकमध्ये जाते आणि ज्यांना उठता येत नाही अशा पेशंटच्या घरीही जाते. लग्न केलेलं नाही, आमच्याकडेच राहते. कोन फाट्याच्या पलीकडच्या एका गावात एक आजी तिच्या पेशंट होत्या. त्यांच्या घरी जाता-येता तिला दिसलं की गावचं तळं बांधकामाचं डेब्रिज टाकून बुजवलं जातंय. तिने चार फोटो काढले आणि पनवेलच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकले. सोबत एकच प्रश्न होता : याला परवानगी कुणी दिली?

हा ग्रुप एका निवृत्त शिक्षकांनी सुरू केला होता. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खणलाय, एवढंच सांगायला तो निघाला होता. बघता बघता अर्धं शहर त्यात आलं. सरांच्या जोडीला दुसरी अ‍ॅडमिन मी होते. म्हणजे ज्या पोस्टखाली ती धमकी आली, ती पोस्ट मीच मंजूर केलेली होती.

त्या दिवशी नणंद स्कूटरवरून गेली नाही. नवऱ्याने तिला क्लिनिकपर्यंत सोडलं आणि परत आल्या आल्या मला म्हणाला, “आधी ती पोस्ट काढ. तळं काय आपल्या बापाचं आहे?”

“तिला विचारल्याशिवाय काढणार नाही.”

“तिला काही झालं म्हणजे विचार मग!”

तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. सासूबाई देवासमोर बसून होत्या, पण पोथीचं पान उलटलं जात नव्हतं.

दुपारपर्यंत पोस्टखाली कमेंटचा ढीग पडला. लग्न का झालं नाही, पेशंटच्या घरी नक्की कसली थेरपी चालते, असलं सगळं. खोट्या नावांची, चेहरा नसलेली खाती. काही ओळखीची माणसं मात्र त्यावर हसण्याची चिन्हं टाकत होती, आणि मला तेच जास्त लागलं. त्यात एका गावकऱ्याची लांबलचक कमेंट होती, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट. ‘ताई, तुमी चार फोटो काढून मोकल्या झाल्या. आमच्या गावात गाडी लावायला जागा नाय, लग्नाला मांडव घालायला जागा नाय. तल्यात मासा नाय उरला, नुसते मच्छर हायत. तुमी शेरातल्या लोकांनी तुमची तली बुजवून बिल्डिंगी बांधल्या, आता आमाला शिकवता?’

संध्याकाळी नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. “हीपण काढ. बघ कसा बोलतोय.”

नणंदेने ती पुन्हा वाचली. “नको. हे नको काढूस, वहिनी. हा माझ्याशी भांडतोय. मला घाबरवत नाहीये.”

मग फोन परत देत म्हणाली, “आणि त्याचं थोडं खरं आहे.”

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सरांनी रात्रभर विचार करून निर्णय घेतला होता : सगळ्याच कमेंट बंद करायच्या. “पाण्याची वेळ कळवायची, बस्स. कुलूपच लावून टाकू. माझ्या वयात हे सहन होत नाही.”

“सर, कुलूप लावलं तर तो गावातला माणूस बोलणार कुठे? आणि नणंदेने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार?”

“मग काय, तू एकेक कमेंट चाळत बसणार? कुठली ठेवायची, कुठली काढायची, हे तू ठरवणार?”

आदल्या संध्याकाळी मी बसलेच होते चाळत, आणि तिच्याबद्दलचं प्रत्येक वाकडं वाक्य मला धमकीसारखंच दिसत होतं. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘अ‍ॅडमिनची नणंद आहे, म्हणून आता आमची तोंडं बंद करणार.’ मला राग आला. पण माणूस चुकीचं काय बोलला होता?

म्हणून मी सरांना म्हटलं, या पोस्टबद्दल मी काहीच ठरवणार नाही. तुम्ही ठरवा, आणि सोबत असा माणूस घ्या ज्याला तिचं म्हणणं पटलेलं नाही. सरांना बाजारातले हार्डवेअरवाले भाई आठवले. ग्रुपवर कायम वाद घालणारे. तळ्याच्या जागी पार्किंग झालं तर बरंच, असं त्यांनी उघड लिहिलं होतं. भाई दुकान पुतण्यावर सोपवून आले, सगळ्या कमेंट चष्मा पुसून पुसून वाचल्या.

“ताई, तुमच्या नणंदेचं मला पटत नाही, ते मी लिहिणारच,” ते म्हणाले. “पण ही ब्रेकवाली गोष्ट इन्सानियतची नाही. मुद्दा राहील, धमकी जाईल. कुणाच्या घरच्या बाईबद्दल घाण लिहिलंय तेही जाईल. आणि काढली तर का काढली, ते त्या माणसाला कळवायचं. गुपचूप नाही.”

तसंच केलं. काढण्याआधी प्रत्येक धमकी आणि ती टाकणाऱ्या खात्याची लिंक जपून ठेवली. गावकऱ्याची कमेंट राहिली. तिच्याखाली नणंदेने उत्तर दिलं, त्याने पुन्हा तिला सुनावलं, आणि भांडण सुरू राहिलं.

पोलीस ठाण्यात मात्र पहिल्या साहेबांनी नवऱ्याचंच वाक्य म्हटलं. “मॅडम, पोस्ट काढून टाका ना. कशाला डोक्याला ताप?”

“साहेब, मी रस्त्यावरून जाताना कुणी अंगावर आला, तर तुम्ही मला रस्त्याने जाऊ नका म्हणाल का?” नणंद म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या महिला हवालदाराने वर पाहिलं आणि आम्हाला आपल्याकडे बोलावून घेतलं. नुसता स्क्रीनशॉट नको, लिंक आहे का, असं तिने विचारलं. आमच्याकडे होती. तिने तक्रार लिहून घेतली आणि म्हणाली, “वेळ लागेल. तोवर एकट्या फिरू नका.”

ते वाट पाहण्याचे आठवडे मला नकोसे झाले. फोटो गेटच्या आतून काढलेला होता, म्हणजे माणूस आमच्यातलाच किंवा आमच्याकडे येणारा. दूधवाला, वॉचमन, कुरिअरवाला, दुसऱ्या मजल्यावरचे ते नेहमी हसणारे गृहस्थ. मी प्रत्येकाच्या हाताकडे बघायची, फोन कसा धरलाय ते. नणंद रिक्षाने जायची आणि पोचली की मला फोन करायची. फोनला उशीर झाला की मीच तिला लावायची. ती मात्र कामावरून सुट्टी घेत नव्हती. एकदा फक्त जेवताना म्हणाली, “वहिनी, मी आता काही लिहिण्याआधी आई कशी वाचेल याचा विचार करते. आधी नव्हते करत.”

मग एक दिवस त्या हवालदार बाईंचा फोन आला. खातं कुणाचं ते सापडलं होतं. तो आमच्याच बिल्डिंगमधला होता, बी विंगमधला. चाळिशीचा, नोकरदार, गणपतीत आरतीला टाळ वाजवणारा. त्याचा त्या तळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. ना जमीन, ना ठेका.

पोलिसांनी त्याला बोलावून समज दिली, लिहून घेतलं. संध्याकाळी त्याची बायको आमच्या दारात आली आणि रडू लागली. मागे तो उभा होता, मान खाली घालून.

“का केलंत?” नणंदेने विचारलं.

“सगळेच लिहीत होते,” तो म्हणाला. “मला वाटलं गंमत होईल. तुम्ही इतकं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.”

“तक्रार मागे घ्या ना, ताई,” बायको म्हणाली. “ऑफिसात कळलं तर...”

नणंद म्हणाली, “तक्रार मागे घेणार नाही. पण माफी घरात येऊन मागू नका. धमकी जिथे दिलीत, तिथे लिहा. खऱ्या नावाने.”

त्याने लिहिलं. तीन-चार ओळी, अशुद्ध, पण स्वतःच्या नावाने. मला वाटलं, आता संपलं. पण तासाभरात त्याच्या माफीखाली लोक तुटून पडले. तोंड काळं करा, कुठे राहतो ते टाका, बायकोला पण विचारा म्हणावं. ज्यांनी काही आठवड्यांपूर्वी नणंदेवर चिखलफेक केली होती, त्यातलेही काही त्यात होते. कुणीतरी त्याच्या मुलीच्या शाळेचं नाव टाकलं.

माझ्या मनात आलं, घे आता, कसं वाटतं. मी काहीच केलं नाही. नणंदेनेच भाईंना फोन केला. “ते शाळेचं नाव आधी काढा. आणि मारायच्या गोष्टी करणारे सगळे. मला शिव्या दिल्या तेव्हा जो नियम लावला, तोच.” भाई म्हणाले, “काढतोच आहे, बेटा. तू बोलली नसतीस तरी काढलं असतं.”

तळ्याचं काम सध्या थांबलंय. अर्धं बुजलंय, अर्धं आहे. परवानगीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तो गावकरी आणि नणंद आजही ग्रुपवर भांडतात. हल्ली तो तिला मच्छरांचे फोटो पाठवतो, ती त्याला डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांबद्दल लिहिते.

परवा सोसायटीच्या मीटिंगनंतर आम्ही दोघी जिन्याशी उभ्या होतो. बी विंगमधला तो जवळ आला, थबकला. म्हणाला, “तुमचं तळ्याचं नवीन लिहिलेलं वाचलं. मला पटत नाही ते. लिहिलं तर चालेल का?”

“लिहा की,” ती म्हणाली. “नावाने लिहा, वाट्टेल ते लिहा.”

तो मान हलवून निघून गेला. तिने माझा हात किती घट्ट धरला होता, ते तो गेल्यावर कळलं. अजून त्याने काही लिहिलेलं नाही. मी मात्र दिवसातून दहा वेळा ग्रुप उघडून बघते.