लिंबाजीच्या दोन शपथा

"खरे सांगेन" इथपर्यंत लिंबाजी माझ्यामागून नीट म्हणत आला आणि "पूर्ण खरे सांगेन" इथं मात्र चढावर बैल बसावा तसा बसला.

मी पुन्हा म्हटलं, "पूर्ण खरे सांगेन."

त्यानं पिंजऱ्याच्या कठड्यावरचा हात काढून घेतला.

"म्हणा की मामा. मॅडम थांबल्यात."

"खरं सांगीन म्हणलो की साहेब. खोटं एक अक्षर बोलणार न्हाई. पर पूर्ण न्हाई जमायचं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. सरकारी वकील कदम यांनी कपाळाला हात लावला. जज्ज मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि हसू जागच्या जागी मेलं. आमच्या मॅडमची नजरच तशी. एकदा पाहिलं की बाहेर कँटीनमधला चहासुद्धा थंड व्हायचा.

मी जिल्ह्यातल्या एका कोर्टात बेंच क्लार्क होतो. म्हणजे न्यायाधीशांच्या पायथ्याशी बसणारा माणूस. पुकारा कुणाचा, तारीख कुठली, मुद्देमाल कुठं, सगळं त्याच्याकडे. साक्षीदाराला शपथ देणंही माझ्याकडेच. आमच्याकडचे म्हातारे अजून त्याला हलफ म्हणतात, निजामाच्या अमलातला शब्द. मी आयुष्यभर हलफ दिला आणि माझ्यादेखत लोक इतकं खोटं बोलले, की त्या खोट्याच्या विटा पाडल्या असत्या तर परभणी ते पाथरी दुसरा रस्ता झाला असता, तोही खड्ड्यांशिवाय. पण शपथेतलाच एक तुकडा गिळायला नकार देणारा हा पहिलाच.

केस खुनाची. बोरीच्या पुढचं एक गाव, नाव घेत नाही. बिभीषण नावाचा मेंढ्या राखणारा तरणा गडी. त्याची मेंढरं एका बड्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात शिरली. मालकाच्या पुतण्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याच्या डोक्यात घातलं. पाहणारे तिघं. त्यातला एक हा लिंबाजी, बिभीषणचा सख्खा मामा. बिभीषण शुद्धीवर आलाच नाही, काही दिवसांनी परभणीच्या दवाखान्यातच वारला. फिर्याद त्याच्या आईची, गयाबाईची. पण तिनं डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं, बायकांकडून ऐकलेलं. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही. म्हणजे सगळी मदार त्या तिघांवर.

पहिल्या दोघांची साक्ष सकाळीच झाली. दोघांनी खणखणीत शपथ घेतली आणि खणखणीत सांगितलं, "आमी त्या दिशी रानातच नव्हतो." अशा साक्षीदाराला आम्ही होस्टाइल म्हणतो, फितूर झालेला. सरकारनं बोलावलेला आणि सरकारलाच पाठ दाखवणारा. त्यातला एक तर बाहेर पडताना मलाच विचारत होता, "साहेब, इथं मिसळ कुठं चांगली मिळती?"

राहिला लिंबाजी. तो 'पूर्ण'पाशी अडला तेव्हा मॅडमनी घड्याळ पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीनंतर बघू."

सुट्टीत मॅडमनी मला चेंबरमध्ये बोलावलं. माझा इंग्रजी शब्दांचा नाद त्यांना ठाऊक होता. नाद म्हणजे असा, की मी म्हैस घ्यायला गेलो तरी आधी डिक्शनरीत म्हैस पाहायचो, मग बाजारात. माझ्या डिक्शनरीच्या वजनानं घरातलं एक टेबल मोडलंय, दुसरं वाकलंय.

"मुळे, सकाळच्या दोघांवर परज्युरीची कारवाई काढावी म्हणते."

परज्युरी म्हणजे शपथेवर खोटं बोलणं. मी म्हणालो, "मॅडम, गंमत बघा. आपल्या दंडसंहितेत हा शब्द नाहीच. तिथं नुसतं खोटा पुरावा देणं असं लिहिलंय. वकील मात्र उठता-बसता परज्युरी म्हणतात."

"आला कुठून शब्द?"

झालं. भुकेल्याला पुरणपोळी दाखवली त्यांनी.

मी सांगितलं, परज्युरी हा इंग्रजीत पाहुणा. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांबरोबर कोर्टात. मुळात अर्थ, शपथेला वाकडं जाणं. त्याच्या आधीचा अस्सल घरचा इंग्रजी शब्द फोरस्वेअर. आणखी एक होता मेनस्वेअर. त्यातलं मेन म्हणजे पाप, दुष्टावा. तो इंग्लंडच्या उत्तरेकडं खेड्यापाड्यांत बराच काळ तग धरून होता. तिकडं कुणाला मेनस्वॉर्न, म्हणजे खोट्या शपथेचा, म्हटलं की लोक अब्रूनुकसानीचा दावा लावायचे. आपल्याकडं देवाची खोटी आण खाल्ली म्हटल्यावर काठ्या निघतात, तसं.

"आणि शिक्षा?"

"परज्युरी आधी साक्षीदाराचा गुन्हाच नव्हता, मॅडम. पंचांचा, म्हणजे ज्युरीचा होता. पंचांनी खोटा निकाल दिला की ते अडकायचे. साक्षीदार बिनघोर. जुन्या शब्दांचं मात्र भलतं. ज्याची शपथ खोटी ठरली, त्याची शपथ पुन्हा कुणी घ्यायची नाही. मेल्यावर त्याला चर्चच्या आवारात पुरायचं नाही. तो माणसांतून उठला."

मॅडम डबा उघडता उघडता थांबल्या.

मी पुढं म्हणालो, "त्या जुन्या शब्दात दोन्ही पापं एकत्र होती. शपथेवर खोटं बोलणं आणि शपथेनं दिलेला शब्द मोडणं. पुढं कायद्यानं पहिलं पाप आपल्याकडं घेतलं. दुसरं धर्मपीठाकडं राहिलं, मग धर्मपीठाचाही धाक गेला. आता शपथेचा शब्द मोडला तर कायदा ढुंकून बघत नाही."

"या माणसाचं पहिलं की दुसरं?"

मला काय माहीत. मी बाहेर आलो.

व्हरांड्यात, नळाच्या पलीकडं गयाबाई आणि लिंबाजी बसले होते. मधे भाकरीचं फडकं, कुणी सोडलेलं नव्हतं. मी बाटली भरायचं निमित्त केलं. नळाला धार एवढी बारीक, की मुंगीची अंघोळ व्हायची नाही. त्यामुळं माझं सगळं ऐकून झालं.

"लिंबा, बोल रं. माझ्या लेकराचा मामा हाईस तू."

"आक्का, बेलभंडारा उचललाय मी."

"कुणी सांगितलं होतं उचलाय?"

"सगळ्या गावानं उचलला. खंडोबाच्या पायरीवर. बिभीषण तवा जित्ता होता की गं. मालक म्हणले, दवाखान्याचं सगळं आमी बघतो, पुतण्याचं नाव गावाभाईर जाऊ देऊ नका. आपली मेंढरं त्यांच्याच रानात बसायची. म्हणलं, पोरगं तर वाचतंय. उचलला."

"वाचलं का?"

लिंबाजीनं भाकरीचं फडकं तिच्याकडं सरकवलं.

"पोरगं गेलं, तवाच ती आण बी गेली," गयाबाई म्हणाली. "त्या दोघांनी बी उचलला हुता. त्यांनी बघ कसं बिनधास्त सांगितलं, रानातच न्हवतो म्हणून."

"त्यांनी इथली मोडली, तिथली राखली. मला दोन्ही मोडाय येत न्हाईत, आक्का. नाव घेतलं तर देव जातो. न्हाई बघितलं म्हणलं तरी देवच जातो. इथं बी ईश्वरसाक्षच म्हणायलेत."

"मग माझं काय जातंय, ते बघ की!"

ती इतक्या मोठ्यानं बोलली की पक्षकार वळून बघू लागले. मी बाटली तशीच अर्धी घेऊन आत गेलो. खंडोबाचा भंडारा माझ्याही घरात असतो. बेलाचं पान आणि हळदीची चिमूट हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. पण बेंच क्लार्कनं व्हरांड्यातलं ऐकलेलं चेंबरमध्ये सांगायचं नसतं. तेही ऐकीवच.

सुट्टीनंतर लिंबाजी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ पुन्हा तिथंच अडली. आरोपीचे वकील उठले, "याची साक्षच होऊ शकत नाही!" मॅडम म्हणाल्या, "शपथेत त्रुटी राहिली म्हणून साक्ष बाद होत नाही. विचारा, कदम."

कदम वकिलांनी आवाज मऊ केला. "लिंबाजी, तुम्ही त्या दिवशी हरभऱ्याच्या रानात होतात?"

"व्हतो."

सगळं कोर्ट सावरून बसलं. पिंजऱ्याशेजारी उभा आरोपी पहिल्यांदाच मान वर करून बघू लागला.

"बिभीषणला मारताना पाहिलं?"

"बघितलं. ह्या डोळ्यांनी."

"कुणी मारलं?"

माझ्या नोकरीत मी अनेक शांतता ऐकल्या. ही अशी होती, की शेजारच्या कोर्टातला टायपिस्ट थांबलेला मला ऐकू आला.

"सांगणार न्हाई."

"आठवत नाही, असं म्हणायचंय का?" आरोपीचे वकील लगबगीनं म्हणाले. दार उघडून दिलं त्यांनी. एवढं म्हणायचं आणि घरी जायचं.

"आठवत न्हाई कसं? झोपलो तरी दिसतंय. ठाव हाय. पर सांगणार न्हाई."

मॅडमनी समजावलं. मग ताकीद दिली. उत्तर न देणाऱ्या साक्षीदाराला कैदेत टाकायचा अधिकार कोर्टाला आहे, हेही सांगितलं. लिंबाजी हात जोडून ऐकत होता.

"टाका, बाईसाहेब. तिथं शपथ न्हाई ना घ्यावी लागत?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी गयाबाईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि ती भावाकडं नाही, आरोपीकडं बघत होती. आरोपी खिशातून रुमाल काढून मान पुसत होता. सुटल्यासारखा.

लिंबाजीला आठवडाभरासाठी आत पाठवलं. हवालदारानं दंडाला धरलं, तर म्हणाला, "धरू नगा, येतो की."

निकाल लागायचा तो लागला. पाहणारा कुणी नाव घेईना, म्हणून आरोपी निर्दोष. सकाळच्या दोघांवरची कारवाई कागदावर सुरू झाली आणि आमच्याकडच्या कारवाया जातात तशी तारखांच्या वाळूत जिरली. मॅडमची बदली झाली. जाताना एवढंच म्हणाल्या, "मुळे, या केसमध्ये परज्युरी न करणारा एकच, आणि मी त्यालाच आत टाकलं."

पुढं मी निवृत्त झालो. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो, तिथं गयाबाई भेटली. ओळख तिनंच दिली. लिंबाजीचं विचारलं.

"हाय की. मेंढरं इकली. सुटल्यावर माझ्या दारात आला हुता. म्हणला, आक्का, पाणी दे. दिलं. माझ्याकडं बघायलाय, बघायलाय. म्हणलं, लिंबा, तुझा देव तू राखलास, आता त्याच्याकडंच जा जेवाय."

"मग?"

"गेला."

ती एसटीच्या दिशेनं निघून गेली.

कुणी विचारतं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात. मी नेहमी काहीतरी चढवून सांगतो, सवय आहे. हे मात्र चढवलेलं नाही. कोर्टातली शपथ फक्त त्यालाच अडवते, जो शपथेशिवायही खोटं बोलला नसता. बाकीच्यांचं जेवण वेळेवर होतं.