सत्तरला लागणारा सूर

पन्नाशी ओलांडेपर्यंत लिओबा राडरमाखर त्या हिरव्या गाडीच्या स्टिअरिंगमागे एकदाही बसली नव्हती. ती जागा तिच्या नवऱ्याची, गिसबर्टची. तिनं शेजारी बसायचं, मांडीवर केकचा डबा धरायचा आणि वळण आलं की उगाचच उजवा पाय दाबत राहायचं, जसा काही तिच्याही पायाखाली ब्रेक आहे. आणि अधूनमधून म्हणायचं, "समोर बघ."

गिसबर्ट दगडाच्या खाणीत क्रेन चालवायचा. जर्मनीतल्या आयफेलच्या या डोंगरात मोटारशर्यतीचा रस्ता गावाच्या उशालाच आहे. रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन गाड्यांच्या किंचाळण्यातच उरकतं, आणि पोरं अजून नीट बोलत नाहीत तोवर आवाजावरून गाडी ओळखतात. पण तसली शर्यतीची गाडी स्वतःच्या दारात असणारे गावात मोजकेच. गिसबर्टनं आणली तेव्हा ती गाडी नव्हतीच, पत्र्याचा चोळामोळा होता. कोण्या डॉक्टरनं झाडावर घातलेली. कित्येक हिवाळे गॅरेजात शेगडी पेटवून त्यानं ती उभी केली, आणि त्या सगळ्या हिवाळ्यांत तो गुणगुणत होता.

त्या गुणगुणण्याला ना शब्द ना चाल. एकच खर्जातला सूर, रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटातून यावा तसा. गावातल्या पुरुषांच्या गायनमंडळात तो शेवटच्या रांगेत उभा राहायचा. भांडी घासताना, दाढी करताना, गाडी चालवताना, तोच सूर. लिओबाला त्याचा वैताग यायचा. "बंद कर रे ते, डोक्यात मधमाश्या फिरतायत," म्हणायची. तो थांबायचा, आणि कपबशी पुसून होईपर्यंत पुन्हा सुरू.

मग एका सकाळी तो क्रेनच्या खोलीत गेला. खालच्या माणसांना वाटलं, डबा खातोय. वर जाऊन बघतात तर दोन्ही हात दांड्यांवर आणि मान खाली. हृदय थांबलेलं.

घरात जो शुकशुकाट झाला तो लिओबाला सोसेना. दिवसभर ती गावच्या खाणावळीत बटाटे किसायची, पाहुण्यांना बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा गर वाढायची. तिथं आवाजाला तोटा नव्हता. घरी आली की भिंती कान देऊन बसल्यासारख्या. कोब्लेन्झला असलेली लेक, उर्सेल, फोनवर म्हणायची, "आई, विकून टाक ती गाडी. लोक वेडे आहेत त्या गाडीसाठी." लिओबा म्हणायची, "बघू."

उभ्या उभ्या बॅटरी मरू नये एवढ्याचसाठी तिनं एका शनिवारी गाडी बाहेर काढली. जपून गाव ओलांडलं, गिरणीच्या दरीकडे उतरणारा रस्ता धरला. काटा सत्तरवर आला आणि सीटखालून तो सूर लागला.

तोच. खर्जातला, न थांबणारा. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिनं वेग कमी केला, सूर गेला. वाढवला तर फाटला. पुन्हा सत्तरवर आणला, आणि तो आला, मांडीतून, पाठीतून, थेट छातीत. त्या दिवशी तिनं दरी चारदा वरखाली केली.

तेव्हापासून दर शनिवारी. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? ती त्याच्याशी बोलायची. खाणावळीच्या मालकिणीचं गाऱ्हाणं करायची, उर्सेलच्या नव्या मित्राची नक्कल करायची. वर्षागणिक सूर मोठा होत गेला. आधी नीट कान द्यावा लागायचा, आता आपण होऊन यायचा. जवळ येतोय, असं तिला वाटे. मधला आरसा अजून गिसबर्टच्या उंचीला लावलेला होता. तिला त्यात मागचा रस्ता दिसायचा नाही, नुसतं छताचं कापड दिसायचं. पण तिनं तो हलवला नाही. पुढं पुढं तर तिला असं वाटू लागलं, की गाडी आपण चालवतच नाही. आपण नुसत्या बसलोय. चालवणारा चालवतोय.

ऑक्टोबरात एका ओल्या सकाळी, गिरणीच्या वरच्या वळणावर, सूर भरात असताना लिओबानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

रस्त्यावर बीचच्या झाडांची पानं पडलेली. गाडीचं मागचं अंग सावकाश बाजूला निघालं, मग एकदम. झाडं गोल फिरली. गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड आल्या वाटेकडे होतं आणि दोन चाकं ओढ्याच्या काठच्या गवतात. लिओबाला खरचटलंदेखील नव्हतं. सूर बंद पडला होता, आणि तिला वाईट वाटलं ते त्याचंच.

त्यानंतर सत्तरला गाडी नुसती गुणगुणेना; गुणगुणता गुणगुणता धडधडायला लागली. गाणाऱ्याला उचकी लागावी तशी. म्हणून ती ओटमार फूसकडे गेली.

ओटमारचं टायरचं दुकान चर्चच्या मागे. तो आणि गिसबर्ट शाळेत एका बाकावर आणि गायनमंडळात एका रांगेत.

"ओटमार, गाडी धडधडतेय. आधी चांगली गुणगुणायची."

"गुणगुणायची? गाडी हाय का कोकिळा?" त्यानं गाडी वर उचलली, खाली शिरला आणि रिममधून गवताची पेंडी ओढून काढली. "ही काय चरायला नेली हुतीस?"

लिओबा ते गवत पायानं बाजूला सारू लागली.

त्यानं चाक फिरवून एक जागा दाखवली. रबर तिथं सपाट घासलं गेलं होतं. "घसरलीस कुठंतरी. त्याचीच धडधड. पण ते ऱ्हाऊ दे, हे बघ." त्यानं अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवायचा प्रयत्न केला. नख वाकलं. "नक्षी झक्कास हाय, गोटा झालेला न्हाई, कायद्यात बसतोय. पण रबर कुठाय ह्यात? वाळून दगड झालाय. ओल्यात हे धरणार न्हाईत. गिसबर्टनंच घातलेले न्हवं हे? मग म्हातारे झाले की."

"आणि तो आवाज? गुणगुणण्याचा?"

"हात दे इकडं." त्यानं तिचा तळवा नक्षीवर ठेवून एका बाजूला फिरवला. गुळगुळीत. मग उलट. करवतीसारखे दात हाताला लागले. "दात आलेत. एका अंगानं झिजलं की असं होतंय. ह्या दातांचा आवाज तो. नवे टायर घातले की गेला! लोक पैसे मोजतात तो घालवायला."

लिओबानं हात काढला नाही. मांजराची जीभ लागावी तसं लागत होतं.

"नवे कसले घालशील?" तिनं विचारलं.

"कसले म्हंजे? कारखान्यानं ह्या गाडीला नेमून दिलेले. त्यांनी हीच गाडी पळवून पारखलेले असतात, अंगावर त्यांचा शिक्का असतोय. चारी एकाच शिक्क्याचे. पुढं एक, मागं दुसरंच, असलं चालायचं न्हाई. अगं, हिचं इंजिन ढुंगणात हाय. भलता टायर घातलास, की वळणावर ढुंगण पुढं आणि तोंड मागं."

"ते गुणगुणतात?"

"छे! लोण्यावरून सुरी."

लिओबा दुकानभर बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या मांडणीकडे बोट केलं. "ते?"

"ते सामानाच्या गाड्यांचे. रस्ताभर बोंबलत जातात."

"मापाला बसतील?"

"बसवले तर बस... लिओबा, डोकं ठिकाणावर हाय का? हे ह्या गाडीला? गिसबर्ट थडग्यातून उठून माझ्या कानाखाली वाजवील!"

"उठू दे की," लिओबा म्हणाली. तिचा आवाज असा आला, की ओटमारनं हातातला पाना खाली ठेवला. आणि मग तिनं सांगितलं. सत्तरचं, शनिवारचं, सगळं. ओढ्याचं तेवढं सोडून.

ओटमार हसला नाही. त्यानं हात पुसले, गाडी खाली घेतली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. "चल. ऐकव."

"तू चालव."

"न्हाई. तू." मग आरशाकडे बघून, "हा कुणासाठी लावलाय? छताला?" तिनं गाडी सुरू केली.

दरीत धुकं होतं. काटा सत्तरवर आला. धड, धड, आणि दोन धडधडींच्या मधल्या जागेत तो सूर. लिओबा समोर बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं कडेला नजर टाकली. ओटमारनं दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. चेहरा पिठासारखा पांढरा.

"माघारी वळव," तो म्हणाला.

दुकानाच्या अंगणात इंजिन बंद झाल्यावरही तो उतरला नाही.

"हाय गं. तोच हाय. जरा उतरलेला, तो सुरातनं उतरायचाच." त्यानं घसा साफ केला. "मंडळाच्या तालमीला अजून त्याची खुर्ची रिकामी ठेवतो आम्ही. तिथं कुणी बसलं की मला गायला येत न्हाई."

"मग?" लिओबाला जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. "मग राहू देत ना हेच."

"म्हणूनच म्हणतोय, काढ. एकदा सूर लागला की ह्या माणसाचं ध्यान जाग्यावर असायचं का? आम्ही सगळे थांबलो तरी हा आपला चालूच. मी कोपरानं ढोसायचो तवा थांबायचा. मंडळात मी होतो. गाडीत कोण ढोसायचं?"

"मी."

"आन आता?"

खाणीकडून भोंगा झाला. लिओबा आपल्या तळहातांकडे बघत होती.

ओटमारला ते गवत आठवलं असावं. त्यानं हळूच विचारलं, "हात सोडलेस?"

तिनं मान हलवली. हो.

"येशू, मारिया!" तो म्हणाला, आणि त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. मग म्हणाला, "त्याला बोलवायचं तर बोलव, लिओबा. मी कोण नको म्हणणारा? पण चालवायला देऊ नकोस. जित्तेपणीसुद्धा बरा चालवत न्हवता."

ती हसली. हसताना रडूही आलं, पण थोडंच. "मागव," ती म्हणाली. "शिक्क्याचे मागव."

टायर आले त्या दिवशी ती खाणावळीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली. काळेभोर, अंगावर बारीक केसांसारखे रबराचे तंतू असलेले. चारही टायरांवरचा शिक्का ओटमारनं तिला बोट ठेवून वाचायला लावला, एकेक करून. ते चढले. जुने चार एकावर एक रचून ठेवले होते. लिओबा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"एक मला दे. घरी ठेवीन."

"देतो. पण भोक पाडून. भोक पाडल्याबिगर माझ्या दारातनं जुना टायर बाहेर जात न्हाई. नक्षी बघून कुणीतरी उचलतो, आपल्या पोरीच्या गाडीला घालतो. नको."

तिनं वरच्या टायरवर तळवा ठेवला आणि दातांच्या उलट फिरवला. मग हात मागे घेतला. "पाड."

ड्रिलचा आवाज चढत गेला आणि जळक्या रबराचा वास सुटला. एक झालं, दुसरं झालं. चौथं होईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग टायर न घेताच गाडीत जाऊन बसली.

"सुरवातीला दमानं!" ओटमार खिडकीशी वाकून म्हणाला. "नव्या रबरावर साच्याचं तेल असतंय. जरा घासू दे."

दरीच्या तोंडाशी पाऊस भुरभुरू लागला. पन्नास. साठ. काटा सत्तरवर आला आणि तिनं श्वास धरला.

काही नाही. वायपर, इंजिन, काचेवरचं पाणी. रस्ता खालून रेशमासारखा सरकत होता. ती तसाच वेग धरून राहिली. आता लागेल, पुढच्या उताराला लागेल. लागला नाही.

आणि मग तिला कळलं, की गाडी रिकामी झालेली नाही. शेजारच्या सीटवर, जिथं ती आयुष्यभर बसली होती, तिथं तो होता. फक्त गुणगुणत नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात गप्प बसलेला गिसबर्ट तिनं एकदाही पाहिला नव्हता. झोपेतसुद्धा त्याच्या घशात काहीतरी चालूच असे. तो समोर बघत होता, तोंड मिटून, तिच्याकडे मान न वळवता. तिला काही बोलावंसं वाटेना. खाणावळीचं नाही, उर्सेलचंही नाही. मेलेल्या माणसाचं जे जवळ येणं इतकी वर्षं नुसतं गोड वाटत होतं, त्याची लिओबाला आज पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी.

गिरणीच्या वरचं वळण आलं. तिनं शेजारी बघितलं नाही. वेग कमी केला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि घराच्या दारात गाडी उभी राहीपर्यंत ते सोडलं नाही.