नणंद, नंदावा आणि बर्फावरची गाडी

नणंदेचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, आमच्या पुंगोलच्या एलआरटीत, म्हणजे दोन डब्यांच्या छोट्या लोकलमध्ये, उभी होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा, आणि फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये कसाबसा दाबून धरलेला. ही माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. ती आणि तिचा नवरा, म्हणजे माझे नंदावे, कॅनडात, पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या एका लहानशा गावात राहतात.

"वहिनी, आम्ही स्नोमोबाइल घेतोय," ती म्हणाली. "बर्फावरची मोटरसायकल समज. पुढे चाकाऐवजी दोन स्की, मागे रबरी पट्टा. कुठली घ्यायची ते तू सांग."

"मी? अगं, इथे बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो."

"पण मशीन निवडणं तुझं कामच आहे ना!"

ते खरं होतं. आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी यंत्रांच्या खरेदीचं काम पाहते. जे यंत्र मला चालवता येत नाही ते चार विक्रेत्यांत कुणाकडून घ्यावं, हे ठरवण्यातच माझी वीस वर्षं गेली आहेत. त्यामुळे खानदानातले मिक्सर, फ्रिज, गुडघेदुखीचे पट्टे, सगळं माझ्याच डोक्यावर.

"ऐक," ती आवाज खाली करून म्हणाली. "ह्याला ट्रेलवर चालवायची हवीय. ट्रेल म्हणजे बर्फ दाबून केलेला सरळसोट रस्ता. म्हाताऱ्यांचा प्रकार. मला डोंगरात जायचंय, कंबरभर मऊ बर्फात. तू त्याला पटव. पण मी फोन केला होता हे त्याला कळू देऊ नकोस हं!"

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडते आहे तोवर नंदाव्यांचा फोन.

"वहिनी, बोलू शकता का? मी गॅरेजमध्ये आहे. ती वर जेवणाची तयारी करतेय."

"बोला ना, भाऊजी."

"आम्ही एक स्नोमोबाइल बघतोय. हिच्या डोक्यात डोंगर शिरलाय. मऊ बर्फात गाडी रुतली की माणूस तासन् तास खणत बसतो. तुम्ही जरा तिला समजावा, ट्रेलचीच घ्या म्हणून. मी बोललो हे मात्र…"

"छे, छे! मी कशाला सांगेन?"

हे वाक्य मी सकाळी नणंदेलाही अगदी याच सुरात म्हटलं होतं. भेंडीची भाजी त्या दिवशी मला फार चविष्ट लागली.

पुढचे तीन आठवडे मी स्नोमोबाइल या एकाच विषयात बुडून गेले. ट्रेलच्या गाड्यांचा पट्टा आखूड असतो आणि त्यावरचे रबरी दात बुटके, म्हणजे कडक बर्फावर वळायला सोपं. डोंगरातल्या गाड्यांचा पट्टा लांब, दात उंच, म्हणजे मऊ बर्फावर वजन पसरतं आणि गाडी तरंगते. आणि या दोन्हींच्या मधे एक जात असते, क्रॉसओव्हर. थोडी इकडची, थोडी तिकडची. ते वाचल्यावर मी मनातल्या मनात टाळीच दिली. दोन्ही पक्षकारांना एकाच गाडीवर बसवायचं आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटू द्यायचं, हा बेत तिथेच ठरला.

एका यादीत पट्ट्याची लांबी लिहिली होती एकशे सेहेचाळीस इंच. एवढं लांब धूड नणंदेच्या गॅरेजात मावेल का, ते बघावं म्हणून मी टेप आणि खडू घेऊन आमच्या फ्लॅटसमोरच्या कॉरिडॉरमध्ये आले आणि रेघ मारायला लागले. रेघ माझ्या दारापासून निघून शेजारच्या चिनी आंटींच्या चपलांच्या कपाटापर्यंत पोचली.

"व्हॉट यू ड्रॉइंग?" आंटींनी विचारलं.

"स्नोमोबाइल."

आंटींनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या टळटळीत उन्हाकडे पाहिलं आणि हळूच दार लावून घेतलं.

तेवढ्यात नवरा लिफ्टमधून आला. तो इंजिनियर. रेघ पाहून आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "अगं, पट्टा गोल फिरतो. ही त्याच्या पूर्ण वेढ्याची लांबी. जमिनीला त्यातला अर्धासुद्धा टेकत नसेल."

"मला माहीत होतं," मी म्हटलं आणि पायाने रेघ पुसली. चपलेला खडू मात्र भरपूर लागला.

आमची लेक दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. "मम्मी, यू कान्ट ईव्हन सायकल, लाह!" ती अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

असो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही गाडी तापते. पट्टा बर्फ उडवतो, त्या बर्फावर इंजिन थंड होतं. ट्रेल खूप कडक असेल तर बर्फ उडत नाही आणि चहूकडे बर्फ पसरलेला असताना ही बया तापून बसते. त्यासाठी बर्फ खरवडणाऱ्या दोन लोखंडी काड्या मागे लावून घ्याव्या लागतात. हे मी नंदाव्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. "वहिनी, हे इथल्या दुकानदारानेसुद्धा नाही सांगितलं," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझा भाव वधारला.

मग दोघांचे फोन वाढले. नणंद सकाळी एलआरटीत गाठायची, नंदावे दुपारी डब्याच्या वेळी. आणि बोलता बोलता त्यांनी मला अशा गोष्टी सांगितल्या ज्या मी विचारल्याही नव्हत्या.

नंदावे एकदा म्हणाले, "खरं सांगू? मागच्या वर्षी मित्राच्या गाडीवर गेलो होतो. रस्ता सोडला आणि रुतलो. छातीपर्यंत बर्फ. वीस मिनिटं एकटा होतो. मला भीती वाटते हो. तिला नका सांगू, ती हसेल."

आणि नणंद, दोनच दिवसांनी: "भाड्याच्या गाड्या घेऊन गेलो ना, की ट्रेलवर लोक मागून इतके सुसाट येतात, वहिनी. वळण आलं की माझे हात थरथरतात. डोंगरात कसं, मागे कुणी नसतं. त्याला म्हणू नकोस, उगाच काळजी करेल."

शौर्याच्या गप्पा मारणारी ही दोघं एकेका भीतीपायी भांडत होती, आणि हे ठाऊक असलेली सबंध जगात मी एकटीच होते. आता, शहाण्या बाईने दोघांना समोरासमोर बसवलं असतं. मी तक्ता केला.

तक्ता चांगला झाला होता. चार क्रॉसओव्हर गाड्या, पट्टा, दात, वजन, स्कींमधलं अंतर. मग मी नंदाव्यांना सांगितलं, "तुम्ही मोठ्या मनाने थोडा लांब पट्टा कबूल करा. ती खूश होईल, मग दातांची उंची तुमच्या मनासारखी करून घेऊ." नणंदेला सांगितलं, "तू दातांच्या उंचीवर नमतं घे, म्हणजे लांब पट्ट्याला तो नाही म्हणू शकणार नाही." दोघांनीही मोठं मन केलं. दोघांनीही मला वेगवेगळं कळवलं की समोरचा कसा अलगद जाळ्यात आलाय. मी दोघांचंही अभिनंदन केलं.

शेवटी पहिल्या क्रमांकाच्या गाडीवर हिरवा रंग भरून मी तो तक्ता दोघांना एकाच मेलने पाठवून दिला आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दोघं शेजारी शेजारी. कुणीच हसत नव्हतं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "तुझ्या फाइलला दुसरं पान आहे."

मी घाईघाईने फाइल उघडली. ऑफिसात मी प्रत्येक विक्रेत्याशी काय बोलायचं याची टिपणं त्याच फाइलच्या मागच्या पानावर ठेवते आणि पाठवताना ते पान काढून टाकते. या वेळी राहिलं होतं. त्यावर दोन रकाने होते. 'भाऊजींना काय सांगायचं' आणि 'तिला काय सांगायचं'.

नंदाव्यांनी चष्मा लावला आणि शांतपणे वाचायला सुरुवात केली. "'भाऊजी. मागच्या वर्षी वीस मिनिटं बर्फात एकटे, म्हणून रुतण्याची भीती. तिच्यासमोर विषय काढू नये. तापण्याबद्दल बोलावं, ते आदराने ऐकतात.'"

"आता माझं वाच," नणंद म्हणाली.

"'ती. वळणावर हात थरथरतात. शूर म्हणावं, लगेच पटतं.'"

"चुकलं माझं," मी म्हटलं. खरंच चुकलं होतं. फाइल पाठवण्यातली चूक तर होतीच, पण त्याच्याही आधीची मोठी होती.

"तुला वीस मिनिटं बर्फात काढावी लागली?" नणंद त्यांच्याकडे वळून म्हणाली. "मला फक्त बूट भिजले म्हणालास."

"आणि तू वळणाला घाबरतेस? मग दर वेळी पुढे हो, पुढे हो म्हणून कशाला ओरडतेस?"

"घाबरते म्हणूनच. मागचे अंगावर येतात ना!"

मग त्यांनी फोन ठेवला. मला न रागावता ठेवला, त्याचीच जास्त धास्ती वाटली. आठवडाभर दोघांपैकी कुणाचाच फोन नाही. एलआरटीतला प्रवास लांबला, डबा बेचव झाला. नवरा म्हणाला, "तू स्वतः फोन कर." माझा धीर होईना. शेवटी दोघांच्या नावाने एकच निरोप पाठवला, त्यात माफी मागितली आणि एकही सल्ला दिला नाही. उत्तरादाखल दोन अंगठे आले. एकाच फोनवरून.

जानेवारीत फोटो आला. गाडी घेतली होती. क्रॉसओव्हरच, पण माझ्या तक्त्यातली नव्हे. पहिली नव्हे, चौथीही नव्हे. मी ताबडतोब फोन लावला.

"ही कुठली? हिचं वजन पाहिलंत? हिच्या स्की…"

"वहिनी, रंग फार छान होता," नणंद म्हणाली. "जांभळा."

मागून नंदावे म्हणाले, "आणि दोघांनी एकदमच बोट दाखवलं हो. असं कधी होत नाही."

मागाहून एक व्हिडिओ आला. ट्रेलवर नणंद गाडी चालवते आहे, एखाद्या लग्नाच्या वरातीसारखी सावकाश, आणि नंदावे मागे बसून मागून येणाऱ्यांना हात करून पुढे जायला सांगताहेत. मग चित्र बदलतं. ट्रेलच्या कडेला, फार तर दहा पावलांवर, मऊ बर्फात जांभळी गाडी नाकापर्यंत रुतली आहे. नंदावे फावड्याने खणताहेत, नणंद हाताने बर्फ उपसते आहे, दोघं मोठमोठ्याने हसताहेत. व्हिडिओ काढणारं कुणी तिसरंच होतं आणि तेही हसत होतं, कारण चित्र इतकं हलत होतं की मला पट्टा नीट बघायलाच मिळाला नाही.