टेपबाई आणि ड्रमांची वाट

आमच्या टेपबाईबद्दल लिहायला बसले की मला आधी त्या चार वेटरांचा राग येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सहा वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका हॉटेलात त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला व्हीलचेअरसकट उचललं. "पायऱ्या फक्त पाच आहेत हो, आम्ही उचलून घेऊ," असं मॅनेजरने फोनवर ऐटीत सांगितलं होतं. तिसऱ्या पायरीवर एकाने हात बदलला, खुर्ची कलंडली, ताईचे कपडे गुडघ्याच्या वर गेले आणि अख्खं जेवणघर चमचे खाली ठेवून बघत बसलं. ताई पडली नाही. पण पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई सामानासारखी वर गेली आणि सामानासारखीच खाली आली. घरी पोचल्यावर म्हणाली, "आता मला कुठेही न्यायचं नाही." दवाखाना सोडला तर सहा वर्षं ती कुठेही गेली नाही.

टेपबाई बसस्टँडसमोरच्या एका सहल कंपनीत कामाला आहे. शनिवारी निघा, रविवारी परत या, आणि राज्याची हद्द ओलांडायची नाही, एवढाच त्यांचा धंदा. पावसाळ्यानंतर धबधबे, थंडीत पक्षी, उन्हाळ्यात डोंगर. ती तिथे टायपिस्ट म्हणून लागली. शिंप्याची मुलगी. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "बाथरूमचं दार किती रुंद आहे?" हिने बेधडक ठोकून दिलं, "चांगलं मोठं आहे." सोमवारी ते गृहस्थ बायकोची व्हीलचेअर ढकलत ऑफिसात आले. बायको शांतपणे म्हणाली, "मी दोन दिवस पाणी प्यायले नाही. दारातून खुर्ची आत जात नव्हती." एवढंच बोलून दोघं निघून गेली. दुसऱ्या दिवशी ही बापाच्या दुकानातली टेप गळ्यात घालून कामावर आली, ती टेप आजतागायत गळ्यातच आहे. लोकांना वाटतं, हिच्या घरी कोणीतरी अपंग असेल. कोणी नाही. एकदा खोटं बोलल्याची लाज वाटली, एवढंच कारण. लाज वाटायला घरी कोणी असावंच लागतं का?

ती स्वतः जाऊन दारं मोजते, उंबरे मोजते, कमोडची उंची मोजते. हॉटेलवाले तिला पाहिलं की कपाळाला हात लावतात. तिचा मालकही वैतागतो. "अगं, सहली ठरवतेस की ब्लाऊज शिवतेस?"

"ब्लाऊज चुकला तर उसवता येतो," ती म्हणते आणि पुढे टाइप करते.

मी तिच्याकडे गेले होते माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल अशी सहल विचारायला. तिने विचारलं, "बरोबर कोण येणार?" म्हटलं, "बहीण आहे, पण ती येणार नाही. तिला लोक उचलतात." टेपबाईने पेन खाली ठेवलं. "त्यांना फोन लावून द्या."

धरणावरच्या पक्ष्यांच्या सहलीवरून पुढचा अर्धा तास परीक्षाच झाली.

"बाथरूमचं दार?" ताई.

"बत्तीस इंच."

"उंबरा?"

"अर्धा इंच. मी उतरती फळी ठोकून घेतली आहे."

"बोटीत कशी चढणार?"

"धक्का आणि बोट एका पातळीत आहेत, ताई. सरळ आत जाल. कोणी हात लावणार नाही."

"लेखी दे."

तिने खरोखर लेखी दिलं. ताईने तो कागद तीनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "हे शेवटचं. पुन्हा कोणी उचललं, तर मी आणि ही खोली." धरणाच्या पाण्यावर बाहेरून पक्षी येतात, थंडीभर राहतात आणि निघून जातात. तिला ते जवळून बघायचे होते. शाळेत असताना मुलांना घेऊन गेली होती म्हणे, पण तेव्हा सगळा वेळ मुलं मोजण्यात गेला.

शनिवारी टेपबाई स्वतः आमच्याबरोबर आली. खोली ठीक निघाली. दार बत्तीस इंच, फळी जागेवर. ताई स्वतः आत गेली, स्वतः बाहेर आली आणि काहीच बोलली नाही. तिच्याकडून ही शाबासकीच. रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो, आणि माझं डोकं फिरलं.

बोट धक्क्याच्या दीड फूट खाली होती.

टेपबाईने खाली पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. एवढी टेप गळ्यात घालून फिरणारी बाई, पण तिने हे मोजलं होतं पावसाळ्याच्या शेवटी, धरण काठोकाठ भरलेलं असताना. आता थंडी होती, पाणी शेतांना सोडलेलं होतं. पाणी उतरलं, त्याबरोबर बोट उतरली. धक्का काँक्रीटचा, तो कुठे उतरणार?

बोटवाला हसत पुढे आला. "काही काळजी नका करू आज्जी, दोघं मिळून उचलून घेऊ की!"

ताईने पर्समधून तो कागद काढला आणि टेपबाईपुढे धरला. "वाच. मोठ्यांदा."

टेपबाईने वाचलं. कोणी हात लावणार नाही, हेही वाचलं.

"मोजलंस कधी आणि आणलंस कधी?" ताई म्हणाली. "पाण्याची पातळी बदलते, हे मला पाचवीची पोरं सांगायची." मग माझ्याकडे वळून, "चल. घरी."

मी त्या पोरीला नाही नाही ते बोलले. पोरगी कसली, चोपन्न वर्षांची बाई. तिने एकदाही माफी मागितली नाही. तिने बोटीकडे बघत बोटवाल्याला विचारलं, "तळाशी हे काळे डाग कसले?"

"डिझेलचे. पलीकडच्या काठावरच्या पंपांना ड्रम पोचवतो ना."

"भरलेला ड्रम उचलता?"

"छे! पाठ मोडेल. शेडमागे उतार केलाय धरणाच्या साहेबांनी. बोट तिकडे लावायची, फळ्या टाकायच्या, ड्रम गडगडत आत."

मला अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. ड्रमासाठी साहेब होते, उतार होता, फळ्या होत्या. माणूस आला की मात्र दोघं उचलून घेतात!

"लाव बोट तिकडे," टेपबाई म्हणाली.

"अहो, ती घाण जागा आहे. वास येतो."

"तिने लावायला सांगितलंय, हुंगायला नाही," ताई म्हणाली.

टेपबाईने उतार मोजला, फळ्यांमधलं अंतर मोजलं, एक फळी बदलून घेतली. ताईने बजावलं, "खुर्चीला हात लावा. मला नाही." पाठ पाण्याकडे करून ती उलटी उतरली. मागून टेपबाई आणि बोटवाला खुर्ची रेटून धरत होते, ताईचे दोन्ही हात चाकांवर. तळव्यांना डिझेल लागलं. चाकं बोटीच्या तळावर टेकली तेव्हा तिने माझ्या स्वच्छ रुमालाला हात पुसले.

पक्षी पाहिले. शेकड्यांनी होते. ताईने एका खडकावरचे मोजले, एकशे चौदा, आणि मी बोलायला लागले की गप्प बस म्हणून हात वर केला.

परत येताना बोटवाल्याने सवयीने बोट धक्क्याला वळवली. धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं पुढच्या फेरीसाठी ताटकळत होती.

"ड्रमांच्या बाजूला घे," ताई म्हणाली.

"आज्जी, गर्दी बघा ना. एका मिनिटात वर घेतो तुम्हाला."

"घे म्हटलं ना तिकडे."

बोट वळली. चढताना जास्त वेळ लागला, एक फळी सरकली, पुन्हा बसवावी लागली. धक्क्यावरून एक गृहस्थ घड्याळ दाखवत ओरडले, "अहो बाई, किती वेळ लावताय?"

"सहा वर्षं!" ताई ओरडली. वर्गात ओरडायची तशीच.

वर पोचल्यावर तिने तो कागद टेपबाईच्या हातात परत दिला. "दुरुस्त करून आण. उन्हाळ्यात पाणी आणखी उतरेल, तेव्हा फळ्या पुरतील का तेही बघ." टेपबाई तिथेच उकिडवी बसून वहीत महिना लिहीत होती, महिन्याखाली आकडे. मी तिला अजून माफ केलेलं नव्हतं. पण टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी धरलं.