गोलूच्या जावळाआधीचा फोटो

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. उलट दोंडाईच्याला शाळेत असताना आमच्या गल्लीत जे भूत रडायचं ना... ते मीच होते. पाण्याच्या टाकीमागे लपून रडायचे, आणि पोरं चपला टाकून पळायची. त्यामुळे भुताचे अनुभव कोणी सांगायला लागलं की मला हसूच येतं. यायचं, म्हणजे.

आवाज काढणं ही माझी लहानपणापासूनची खोड. हेडसर, स्टँडवरची अनाउन्समेंट, कुकरची शिट्टी, काहीही. बारावीनंतर दादाकडे सुरतला आले, बमरोलीत. दादा डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. इथे तर मला खजिनाच सापडला — गुजरातीत ओरडणारी भाजीवाली, हिंदीत भांडणारा वॉचमन, फोनवर साड्या विकणारा शेजारी. संध्याकाळी वहिनी पोळ्या लाटायची आणि मी ओट्याशेजारी उभी राहून सगळ्यांचे आवाज काढायचे. हसण्याच्या नादात तिची पोळी करपली की ती दादाला वाढायची.

मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की खूप पसरलंय, केमो देऊन बघू, पण जास्त आशा ठेवू नका. दादाने ते मला सांगितलं. वहिनीला कोणीच सांगितलं नाही, पण तिला समजलं होतं. केस जातील एवढंच आम्ही तिला बोललो. तर मांडीवरच्या धाकट्याकडे, गोलूकडे, बघत म्हणते, "बरं झालं की. गोलूचं जावळ आणि माझं, एकाच वस्तऱ्यात होईल." यावर मी हसले, तीही हसली. दादा नाही हसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आमच्याकडे मुलाचं जावळ काढायच्या आधी त्याला मुलीसारखं नटवतात. फ्रॉक, बांगड्या, वेणी, गजरा. आणि फोटो काढून ठेवतात, म्हणजे पुढे त्याच्या लग्नापर्यंत तो दाखवून त्याला छळता येतं. गोलूचं जावळ व्हायचंच होतं. वहिनी म्हणाली, केमोच्या आधी उरकून घेऊ. तिला एकच फोटो पाहिजे होता. तिचे केस आहेत, दोन्ही पोरं जवळ आहेत आणि तिघंही समोर बघतायत.

"पुढे यांना कोणी विचारलं आई कशी होती, तर हा दाखवा," म्हणाली.

दादा उठून गॅलरीत गेला.

स्टुडिओत जायची तिच्यात ताकद नव्हती, म्हणून फोटोग्राफर घरीच बोलावला, जिगरभाई. त्या रविवारी सकाळपासून नुसता गोंधळ. दादाने मिलमधून आणलेलं निळं कापड भिंतीवर लावलं, ते एकदा पडलं, परत लावलं. गोलूला फ्रॉक घातला तर त्याने गजऱ्यातली दोन फुलं तोंडात टाकली. चिऊ, म्हणजे त्याची मोठी बहीण, चार वर्षांची. तिला घागरा टोचत होता. मी वहिनीची वेणी घालत होते. केस अजून तसेच दाट होते, पण मान माझ्या हातात अगदी हलकी वाटली. मी गप्प झाले तशी वहिनी म्हणाली, "काय गं पूनम, रेडिओ बंद पडला का?" मग मी जिगरभाईचा आवाज काढला, तो दाराबाहेरून ऐकत होता.

तिघं बसली. आणि पोरं काही समोर बघेनात. गोलू बांगड्या काढा म्हणून रडायला लागला. चिऊ त्याच्याकडे बघून चिडायची. जिगरभाई घामाघूम. "बेन, बाबो सामे जोतो ज नथी," बाळ समोर बघतच नाही, हे त्याचं चालूच. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून सगळा माल बाहेर काढला. मांजर झालं, भाजीवाली झाली, वॉचमन झाला. गोलू आणखीच रडायला लागला. वहिनी हसून बसली होती, पण आता नुसते ओठ हसत होते. तिला दुखत होतं. दादा हळूच म्हणाला, बस करू या. वहिनी म्हणाली, नाही, अजून एकदा.

तेव्हा चिऊ बोलली, आत्याला ती फुई म्हणते. "फुई, ते सकाळच्या बाबांचं कर ना."

"कोणते सकाळचे बाबा?"

"आईला उठवतात ते."

मला वाटलं दादा. मी दादाचा आवाज काढला.

"हे तर पप्पा. म्हातारे बाबा कर."

मी नेहमीचा म्हातारा केला, थरथरता. चिऊने मान हलवली. "असं नाही. आधी खाकरतात. मग हळू बोलतात." मी खाकरले. "अजून हळू. आणि त्यांना इथे दात नाहीये," तिने स्वतःच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं, "तिथून हवा जाते."

मी विचारलं, पण म्हणतात काय ते?

तिने सांगितलं. मला जरा विचित्र वाटलं, कारण ते शब्द आमच्या गावाकडच्या अहिराणीतले होते. चिऊला आम्ही अहिराणी शिकवलीच नाही, ती अर्धी मराठी अर्धी गुजराती बोलते. पण गोलू रडत होता, वहिनी थकली होती... मी तिने सांगितलं तसं केलं.

"ऊठ वं माय. गाडी सुटी जाई."

आता हे नीट सांगते. आवाज काढताना कुठे ताण द्यायचा, कुठे नाकातून घ्यायचा, हे मला माहीत असतं. त्या वेळी मी यातलं काहीच केलं नाही. तोंड उघडलं आणि तो आला. जड, तंबाखूने घासलेला, 'सुटी' म्हणताना दातातून बारीक हवा गेली. माझ्यासारख्या पोरीच्या गळ्यात मावेल असा तो आवाजच नव्हता.

गोलू एकदम गप्प झाला आणि समोर बघायला लागला. चिऊने टाळी वाजवली. आणि वहिनी ताठ बसली. झोपेतून उठवल्यावर माणूस क्षणभर लहान दिसतं ना, तसा तिचा चेहरा झाला.

"उठनू, नाना," ती म्हणाली.

तेवढ्यात जिगरभाईने फोटो घेतला.

उठनू म्हणजे उठले, आणि नाना म्हणजे वहिनीचे वडील. तिचं लग्न ठरायच्या आधीच वारले. मी त्यांना कधी बघितलं नाही, दादानेही नाही. वहिनी शिरपूरला कॉलेजला जायची तेव्हा पहाटेच्या एसटीसाठी ते तिला रोज असंच उठवायचे, कॉटच्या पायाशी उभे राहून. आधी खाकरायचे, मग मोठ्याने बोलले तर तिची आई जागी होईल म्हणून हळू बोलायचे, आणि पुढचा दात पडलेला म्हणून तिथून हवा जायची. हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दादालासुद्धा माहीत नव्हतं. त्यांचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला नाही, तेव्हा त्यांच्या घरात तसा फोनच नव्हता.

वहिनीने चिऊला जवळ घेऊन विचारलं, ते बाबा कुठे असतात गं? चिऊ म्हणाली, तुझ्या पायाशी. रोज येतात, पण तू उठतच नाहीस.

दादा चिऊवर ओरडला. वहिनीने त्याला हाताने थांबवलं. मग मला म्हणाली, "परत एकदा काढ ना गं." मी काढून बघितला... खूप वेळा. नुसता म्हातारा यायचा, थरथरता. ती प्रत्येक वेळी म्हणायची, नाही, हा नाही. शेवटी म्हणाली, "राहू दे. एकदा ऐकलं, झालं."

केमोला आम्ही नेलं तिला. मी देवाशी बोलायचं ते सगळं बोलले. पण दुसरं इंजेक्शन द्यायची वेळच आली नाही, त्याआधीच ती गेली. केस गळायलाही वेळ मिळाला नाही. शेवटची वेणी मीच घातली आणि ती पहिल्यासारखीच दाट भरली.

मी खूप विचार केला. वहिनी तापात झोपेत काही बडबडली असेल आणि चिऊने ऐकलं असेल. शब्द तसे आले असतील, मान्य. पण दात? खाकरणं? आणि माझा गळा? डॉक्टरांना विचारावं तर काय विचारू? मी त्यानंतर कोणाचाच आवाज काढलेला नाही. चिऊला विचारलं, ते बाबा आता येतात का? ती म्हणाली, नाही. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तो फोटो मात्र खरंच छान आला. तिघंही समोर बघतायत. दादाला भिंतीवर तोच पाहिजे होता, बाकी कुठलाच नको. पण जित्या पोरांच्या फोटोला हार कसा घालणार? म्हणून जिगरभाईने कॉम्प्युटरवर पोरं कापून काढली. चिऊ सहज निघाली. गोलूने वहिनीचा पदर घट्ट धरला होता, त्याची बोटं काही निघेनात. जिगरभाई म्हणाला पदर खराब होईल. दादा म्हणाला, राहू द्या.

हार आम्ही असा घालतो की ती बोटं झाकली जातात. चिऊ रोज शाळेत जायच्या आधी खुर्चीवर चढते, हार थोडा सरकवते, बोटं आहेत का बघते, आणि परत झाकून खाली उतरते.